परसबागेत मेलेले बेडूक आढळल्यास कारण कसे शोधावे

परसबागेत मेलेला बेडूक दिसला, की बहुतेक घरांत तो खराट्याने सुपलीत ओढून उकिरड्यावर टाकला जातो आणि विषय तिथेच संपतो. तो कोणत्या जागी, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या वेळी मेलेला आढळला, यांतच मृत्यूचे कारण बहुधा दडलेले असते आणि तो उचलून फेकताच या खुणा नाहीशा होतात. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात घराभोवती नुकतीच बाग लावलेल्या वाचकांसाठी हा लेख लिहिला आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने पाळाव्यात, कारण प्रत्येक पायरीवर काही शक्यता गळून पडतात आणि शेवटी एक-दोनच उरतात.

एखादा मेलेला बेडूक म्हणजे संकट नव्हे. बेडकांच्या बऱ्याच जाती एका हंगामात शेकडो ते हजारो अंडी घालतात आणि त्यांतली फार थोडी पिल्ले मोठी होतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये नखाएवढी पिल्ले डबक्यातून बाहेर पडून इकडेतिकडे मेलेली दिसणे हा निसर्गाचाच हिशेब आहे. मात्र आठवडाभरात तीन-चार प्रौढ बेडूक मेले, वेगवेगळ्या जातींचे बेडूक एकाच वेळी मेले, किंवा बेडकांबरोबर गांडुळे, मधमाश्या आणि हौदातले गप्पी मासेही मेलेले दिसले, तर त्याच दिवशी शोध सुरू करावा.

हात लावण्यापूर्वी

पहिली गोष्ट म्हणजे बेडूक खरोखर मेला आहे का, हे पाहणे. उन्हाने गळून गेलेला किंवा घाबरून निपचित पडलेला बेडूक मेल्यासारखाच दिसतो. दोन मिनिटे शांतपणे त्याच्या गळ्याखालच्या कातडीकडे पाहावे. ती हलकीशी वरखाली होत असेल तर श्वास चालू आहे. गवताच्या काडीने पापणीजवळ अलगद स्पर्श केल्यास जिवंत बेडूक डोळा आत ओढून घेतो. असा बेडूक सापडल्यास हात साध्या पाण्याने ओले करून त्याला सावलीत, ओल्या गोणपाटावर ठेवावे आणि शेजारी उथळ ताटलीत शिळे पाणी ठेवावे. हाताला साबण, तेल, क्रीम किंवा तंबाखू लागलेली नसावी, कारण बेडकाची कातडी पाणी शोषते तशीच हातावरचे पदार्थही शोषून घेते.

उन्हाळ्यात आळे खणताना हातभर खोलीवर मातीत घट्ट बसलेला, डोळे मिटलेला बेडूक निघाला तर तोही मेलेला समजू नये. आपल्याकडच्या काही जाती कोरडा काळ जमिनीखाली काढतात. माती पुन्हा सैलसर लोटून त्याला तसाच झाकावा आणि आळे थोडे बाजूला खणावे.

बेडूक मेला आहे याची खात्री झाल्यावर न हलवता मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत: एक दुरून, ज्यात हौद, कुंड्या, भिंत आणि नाली दिसेल, एक वरून, आणि काडीने उलटवल्यानंतर एक पोटाकडून. त्यानंतर वहीत तारीख, वेळ आणि शेवटचा पाऊस कधी पडला ते लिहावे, आणि मागच्या आठ दिवसांत आपल्या किंवा शेजारच्या बागेत, शेतात, गल्लीत काय फवारले, टाकले किंवा धुतले याची नोंद करावी. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची असते आणि नेमकी तीच दोन दिवसांनी आठवत नाही. हे सारे सकाळीच उरकावे. उन्हाळ्यात दुपारपर्यंत मुंग्या डोळे आणि पोट पोखरतात, आणि मग मूळ जखम कोणती आणि मुंग्यांनी केलेले छिद्र कोणते, हे सांगता येत नाही. कुत्रा, मांजर आणि कोंबड्या तोवर दूर बांधाव्यात किंवा कोंडाव्यात.

बेडूक कोणता, हे ओळखणे

शास्त्रीय नाव ठाऊक नसले तरी चालते. साधारण प्रकार ओळखता आला तरी पुरे. अंगभर चामखिळीसारखे उंचवटे, कोरडी कातडी आणि डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असलेला भेक हा बागेतला नेहमीचा रहिवासी. तो दिवसा कुंडीखाली किंवा विटांच्या फटीत बसतो, फारसा चांगला पोहत नाही आणि उंच उडीही मारत नाही. पाण्याच्या काठाला राहून चाहूल लागताच पाण्यावरून टुणटुण उड्या मारत जाणारा लहान बेडूक हौद आणि नाली सोडून लांब जात नाही. पहिल्या मोठ्या पावसात पिवळाजर्द होऊन ओरडणारा बैलबेडूक एरवी शेताच्या बांधाला असतो आणि बागेत पाहुणा म्हणून येतो. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असलेला झाडबेडूक न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा केळीच्या पानांच्या बेचक्यात चिकटलेला आढळतो.

या ओळखीचा उपयोग असा, की हौदात भेकच मेलेले असतील आणि झाडबेडूक धडधाकट असतील तर बाहेर पडता न येणे हे कारण जवळजवळ नक्की होते, कारण झाडबेडूक उभी भिंत चढून जातो आणि भेकाला ते जमत नाही. याउलट सर्व प्रकार एकदम मेले असतील तर विषाचा संशय आधी घ्यावा.

पाणी साठवण्याच्या जागा

खानदेशातल्या अनेक शहरांत आणि गावांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी सिमेंटचा हौद, प्लास्टिकचे ड्रम आणि जमिनीतली टाकी असते. मार्च ते जून या काळात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा परिसरातल्या बेडकांना ओलावा मिळण्याचे हेच एक ठिकाण उरते. नळ येतो त्या दिवशी हौद काठोकाठ भरतो आणि बेडूक रात्री सहज आत उतरतो. पुढच्या दोन दिवसांत पाणी उपसले जाऊन पातळी हातभर खाली जाते, सिमेंटची गुळगुळीत भिंत उघडी पडते आणि बेडूक आतच अडकतो. बेडूक पाण्यात राहतो म्हणून बुडत नाही, ही समजूत चुकीची आहे. प्रौढ बेडकाला फुप्फुसे असतात. कातडीतून मिळणारा प्राणवायू त्याला काही काळ पुरतो, परंतु कोमट आणि साचलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, आणि पाय टेकायला जागा न मिळता रात्रभर पोहणारा बेडूक थकून मरतो.

असा मृत्यू ओळखता येतो. बेडूक पाय पसरून तरंगत असतो, शरीर फुगलेले पण जखमेविना असते, आणि जवळून पाहिल्यास नाकाचे टोक आणि पुढच्या पायांची बोटे भिंतीवर घासून खरचटलेली दिसतात. हौदाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवरचे शेवाळ एका कोपऱ्यात खरवडलेले असेल तर आणखी शंका नको.

उपाय स्वस्त आहे. खरबरीत लाकडी फळी किंवा बांबूची चौकट हौदाच्या काठापासून तळापर्यंत तिरपी ठेवावी. चढ उभा नसावा, आणि फळीवर गोणपाट खिळ्यांनी ठोकले म्हणजे पाय घसरत नाहीत. फळीसाठी जागा नसल्यास जाड काथ्याच्या दोरांची विणलेली पट्टी काठावर दगडाने दाबून आत सोडावी. तिचे दुसरे टोक पाणी सर्वांत कमी असतानाही पाण्यात बुडालेले राहिले पाहिजे. ड्रमला मात्र झाकणच हवे. डासांसाठीही ते आवश्यक आहे आणि बारीक जाळी लावल्यास दोन्ही कामे होतात. बोअरचा खड्डा, पाण्याच्या मीटरची आणि व्हॉल्व्हची चौकट, उघडा शोषखड्डा, अर्धवट बांधकामाचा पाया या जागाही दर आठवड्याला पाहाव्यात. तिथे पाणी नसले तरी आत पडलेला बेडूक बाहेर येऊ शकत नाही आणि दोन-तीन दिवसांत सुकून जातो.

पाण्याची प्रतही तपासावी. ताज्या सिमेंटच्या हौदातले पहिले पाणी चुन्यामुळे फार अल्कधर्मी असते आणि ते बेडकाची कातडी जाळते; म्हणून नवा हौद काही वेळा भरून, दोन-तीन दिवस ठेवून, रिकामा केल्यावरच वापरात आणावा आणि तोपर्यंत झाकून ठेवावा. टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करण्याची क्लोरीनयुक्त भुकटी) अंदाजाने मूठभर टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. क्लोरीन बेडूकमाशांच्या कल्ल्यांना आणि प्रौढांच्या कातडीला घातक असते, तेव्हा बागेच्या हौदात ती टाकूच नये. बागेतल्या लहान तळ्यात नळाचे पाणी घालायचे असल्यास ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग घालावे. तळ्यात केळीची पाने, निर्माल्य किंवा उरलेले अन्न कुजत असेल तर पहाटे पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. त्यात बेडूकमासे मरतात. कुजणारा पाला काढून अर्धे पाणी बदलणे एवढाच त्यावर उपाय आहे.

औषधे आणि खते

बेडूक वेगळे पाणी पीत नाही, तो कातडीतूनच पाणी घेतो. त्यामुळे मातीत, पानावर किंवा साचलेल्या पाण्यात जे मिसळलेले असेल ते थेट त्याच्या रक्तात उतरते. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाकडे पाहून अनेक जण निर्धास्त होतात. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवरच्या चाचण्यांतून मिळालेल्या विषारीपणावर ठरतात. हिरवा त्रिकोण बेडकासाठी सुरक्षिततेची हमी देत नाही. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन ही माणसाला तुलनेने सौम्य समजली जाणारी औषधे पाण्यातल्या जिवांना अतिशय घातक आहेत. ग्लायफोसेट असलेल्या अनेक तणनाशकांत पानावर चिकटण्यासाठी मिसळलेला पदार्थ मूळ औषधापेक्षा बेडूकमाशांना अधिक मारक ठरतो.

वाळवीसाठी पायाभोवती ओतलेले क्लोरपायरीफॉस, हुमणीसाठी (मुळे खाणाऱ्या अळीसाठी) आळ्यात पुरलेली दाणेदार औषधे आणि गल्लीतली धूरफवारणी ही घरालगतची नेहमीची कारणे आहेत. हुमणीवर पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट ३१ डिसेंबर २०२० नंतर देशात बंद झाले. कोणाच्या कोठीत जुना डबा शिल्लक असेल तर तो बागेत मुळीच वापरू नये. या गटातली औषधे मज्जातंतूंवर काम करतात, म्हणून मरण्यापूर्वी बेडूक थरथरतो, पाठीवर पडल्यास स्वतःला उलटवू शकत नाही, आणि मेल्यावर मागचे पाय ताठ पसरलेले राहतात. जवळपास तडफडणारे किडे, मेलेले झुरळ किंवा गांडुळे दिसल्यास संशय पक्का होतो. विषाने मेलेले किडे खाऊनही बेडूक मरतो, हे लक्षात ठेवावे.

घर शेतालगत असेल तर बागेत काहीच न फवारताही हे घडते. जुलै ते ऑक्टोबरमध्ये कपाशीवर, आणि रावेर, यावल, चोपडा भागात केळीवर करप्यासाठी फवारण्या होतात. वाऱ्याबरोबर आलेले तुषार, पावसाबरोबर बांधावरून वाहून आलेले पाणी, आणि सर्वांत वाईट म्हणजे फवारणीचा पंप नालीवर किंवा घरच्या हौदाजवळ धुणे, यांमुळे विष परसात येते. पंप धुतलेल्या पाण्याची एक बादलीही लहान तळे मारायला पुरेशी असते. शेजारच्या शेतकऱ्याशी याबद्दल भांडण्यापेक्षा फवारणीचा दिवस आदल्या संध्याकाळी कळवण्याची विनंती करावी. त्या दिवशी तळे आणि हौद ताडपत्रीने झाकता येतात. पंप धुण्यासाठी पाण्यापासून दूर, पडीक जागेवरची एक ठरावीक जागा दोघांनी मिळून नक्की केली तर निम्मा प्रश्न सुटतो.

खतांकडे दुर्लक्ष होते, पण युरियाही निरुपद्रवी नाही. पाण्यात तो विघटित होऊन अमोनिया तयार होतो, आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका त्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. आपल्या काळ्या जमिनीचा आणि अनेक बोअरच्या पाण्याचा सामू अल्कधर्मी बाजूला झुकलेला असल्याने हा धोका इथे अधिक आहे. ओल्या मातीवर उघड्या पडलेल्या खताच्या दाण्यांवर बेडूक बसला तर कातडीतले पाणी ओढले जाऊन ती होरपळते. खत नेहमी मातीत मिसळून वर हलके पाणी द्यावे, आणि नवख्यांनी परसबागेपुरते कुजलेले शेणखत आणि गांडूळखत यांवरच भागवावे. दहा-वीस कुंड्या आणि चार वाफ्यांसाठी युरियाची गरज पडत नाही. निंबोळी अर्कसुद्धा तळ्यात किंवा हौदात पडू देऊ नये. फिनाईलचे, साबणाचे आणि दिवाळीआधी रंगकामातले चुन्याचे पाणीही आळ्यात ओतू नये.

ऊन, पावसाची उघडीप आणि जखमा

कोरडा, वजनाने हलका आणि कडांना वळलेला, जणू वाळलेल्या पापडासारखा झालेला बेडूक अंगणात फरशीवर किंवा सिमेंटच्या वाटेवर आढळला, तर तो रात्री ओलाव्याच्या शोधात निघून सकाळच्या उन्हात सापडला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. जून-जुलैत पहिल्या पावसानंतर लांब उघडीप पडली की असे मृत्यू वाढतात. बागेच्या सावलीच्या कोपऱ्यात फुटके मडके आडवे पुरून त्यावर पालापाचोळा टाकावा, शेजारी उथळ परात पाण्याने भरून ठेवावी, परातीत एक-दोन दगड ठेवावेत, आणि झाडांना पाणी सकाळऐवजी संध्याकाळी द्यावे. ठिबकच्या नळ्यांखालची ओलसर जागा पालापाचोळ्याने झाकलेली राहू द्यावी. स्वच्छतेच्या हौसेने सारी बाग झाडून चकचकीत ठेवली तर बेडकाला लपायला जागाच उरत नाही.

जखमा असतील तर त्या बोलक्या असतात. पोट फाडून आतले खाल्लेले आणि पाठीची कातडी तशीच ठेवलेली असेल तर कावळ्याचे काम समजावे. भेकाच्या कातडीतले विष टाळण्यासाठी तो त्याला उलटवून पोटातून खातो. मानेवर आणि पाठीवर सुईने टोचल्यासारख्या जोड्यांनी खुणा असतील आणि बेडूक न खाता टाकून दिलेला असेल तर मांजर जबाबदार असते. साप बेडूक अख्खा गिळतो, म्हणून मेलेला बेडूक मागे राहत नाही. चपटा झालेला बेडूक फाटकाजवळ दिसल्यास वाहन बाहेर काढताना, विशेषतः पावसाळी रात्री, चाकांखाली एकदा बॅटरी मारून पाहण्याची सवय लावावी. कुत्र्याने भेक तोंडात धरल्यास त्याच्या तोंडाला फेस येतो. तेव्हा ओल्या फडक्याने हिरड्या पुसून पशुवैद्यकांना लगेच विचारावे.

रोगाचा संशय केव्हा घ्यावा

वरच्या सर्व शक्यता तपासून झाल्यावरच रोगाकडे वळावे. मांड्यांच्या आतील बाजूला आणि पोटावर लालसर चट्टे किंवा रक्त साकळल्यासारखे डाग असणे, कातडीचे तुकडे सुटून लोंबणे, तोंडाजवळ किंवा पायांवर व्रण असणे, दिवसाढवळ्या उघड्यावर बसून राहणे आणि माणूस जवळ आला तरी न हलणे ही जिवाणू, विषाणू किंवा बुरशीजन्य रोगाची लक्षणे असू शकतात. मेल्यानंतर काही तासांनी पोटाकडचा भाग आपोआपही काळपट-लाल होतो, त्यामुळे केवळ शिळ्या बेडकावरच्या रंगावरून निष्कर्ष काढू नये.

जगभर बेडकांच्या अनेक जाती संकटात आणणारी कायट्रिड बुरशी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ओळखली गेली आणि पश्चिम घाटातील बेडकांमध्ये ती आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ही बुरशी साधारण १७ ते २५ अंश तापमानात चांगली वाढते आणि ३० अंशांच्या वर फार काळ तग धरत नाही. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात बेडूक मेले तर तिचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत किंवा सातपुड्याच्या थंड, ओल्या दऱ्यांजवळच्या घरात मात्र तो अगदीच बाजूला सारू नये. माणसाला ही बुरशी होत नाही. तरीही बेडकांच्या अंगावर साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात, म्हणून हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात चढवूनच मेलेला बेडूक उचलावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

अनेक बेडूक एकाच वेळी मेले आणि कारण सापडले नाही, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात छायाचित्रे दाखवावीत. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि धुळ्याचे कृषी महाविद्यालय येथील अध्यापकांना नोंदी उपयोगी पडू शकतात. औषधाची मात्रा किंवा पर्याय विचारायचा असल्यास किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे. नमुना मागितला गेला तर नुकताच मेलेला बेडूक दुहेरी पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवावा. डीप फ्रीझरमध्ये गोठवू नये, कारण बर्फाच्या स्फटिकांमुळे पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. घरच्या अन्नाच्या फ्रिजमध्ये तर तो कधीच ठेवू नये. त्याच्याबरोबर हौदातले किंवा तळ्यातले पाणी स्वच्छ धुतलेल्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, तारीख लिहून द्यावे.

नमुना नको असेल तर बेडूक विहीर आणि बोअरपासून दूर, दोन फूट खोल पुरून वर जड दगड ठेवावा. विषाचा संशय असल्यास तो उघड्यावर किंवा कचऱ्यात टाकू नये. कावळा, घार किंवा कुत्रा तो खाऊन स्वतः विषबाधेला बळी पडू शकतो. दूषित वाटणारे पाणी नालीत किंवा ओढ्यात न सोडता झाडे नसलेल्या कोरड्या जागेवर ओतावे, हौद घासून साध्या पाण्याने दोनदा धुवावा आणि दोन-तीन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्यावा. खुरपे, बादली आणि बूटही तसेच वाळवावेत. कायट्रिड बुरशी पूर्ण कोरडेपणात टिकत नाही.

यानंतर बागेतले बेडूक कमी झाले म्हणून शेततळ्यातून किंवा ओढ्यातून बेडूकमासे बादलीत भरून आणण्याचा मोह होतो. तसे करू नये. एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात नेण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि वन्यजीव पकडून हलवण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचीही बंधने आहेत. हौदाला चढण्याची फळी लावून, औषधे बंद करून आणि ओलसर कोपरा राखून पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी. जून-जुलैत हौदाच्या कडेला काळ्या मण्यांच्या लांब जिलेटिनी माळा दिसल्या तर ती भेकाची अंडी असतात. बेडूकमाशांना पाय फुटून ते पाण्याबाहेर पडेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, तो हौद पूर्ण रिकामा करू नये आणि घरच्या वापराचे पाणी दुसऱ्या टाकीतून घ्यावे.